सेतुमाधवरावांचा फिल्टर

"हात दाखीव."

सेतुमाधवराव माझ्याशी बोलले ते पहिले शब्द हे. मी हात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून दोन्ही तळवे पाहिले आणि मग चक्क हुंगले.

"नारळाचं तेल," ते म्हणाले. "जा, साबण लावून धुऊन ये."

नोकरीचा पहिला दिवस होता. आमच्या अकोल्यात एखाद्या साहेबाने नव्या मुलीचे हात हुंगले असते, तर बाबांनी तिला तिथूनच घरी नेलं असतं. पण मला हुंगण्यापेक्षा भाषेचा धक्का जास्त बसला. चेन्नईत उतरल्यापासून मी हातवारे करून जगत होते. इडली मागितली की इडली मिळायची, एवढाच काय तो संवाद. आणि इथे गिंडीतल्या एका पत्र्याच्या छपराच्या कारखान्यात, कपाळावर अंगाऱ्याची काळी उभी रेघ ओढलेला एक साठीकडे झुकलेला माणूस मला मराठीत झापत होता. मराठी तरी कसली, जुन्या बखरीतून वाट चुकून आलेली.

हात धुऊन आल्यावर मी विचारलं, "सर, तुम्ही महाराष्ट्रातले?"

"आम्ही तंजावरचे," ते म्हणाले. "महाराष्ट्र सोडून बरेच दिवस जाले."

हे बरेच दिवस म्हणजे तीनेकशे वर्षं, हे मला नंतर कळलं.

आमचा कारखाना मोबाइलच्या टॉवरसाठी फिल्टर बनवायचा. मोबाइल तेव्हा नुकता ऑटोवाल्यांच्या खिशात पोचला होता आणि जो तो टॉवर उभारत सुटला होता. टॉवरवरच्या एकाच अँटेनाला दोन कामं करावी लागतात. मोठ्या ताकदीने बोलायचं, आणि त्याच वेळी कुठल्या तरी दूरच्या फोनचा क्षीण आवाज ऐकायचा. बोलण्याच्या गदारोळात ऐकणं बुडू नये म्हणून मध्ये फिल्टर लागतो. दिसायला तो ॲल्युमिनियमचा एक डबा. आतून चांदीचा मुलामा, कप्पे पाडलेले, आणि झाकणावर ओळीने स्क्रू. एकेक स्क्रू किंचित फिरवत समोरच्या पडद्यावरची रेघ हवी तशी बसवायची. हे काम आमच्याकडे बायका करायच्या. सेल्वी त्यांची प्रमुख. आणि या सगळ्यांवर डिझाइन विभागाचे मुख्य म्हणून सेतुमाधवराव. कारखान्यात सगळे त्यांना राव सार म्हणत. डिझाइन विभागात ते आणि मी असे दोघेच होतो, त्यामुळे ते माझेही मुख्य आणि स्वतःचेही.

त्यांच्या लेखी जगात एकच पाप होतं, ते म्हणजे सैल सांधा.

"दोघेजण मोठ्यानं बोलूं लागले," त्यांनी मला समजावलं, "आणि खिडकीची काच सैल असली, तर ती काच तिसराच आवाज काढती. नव्हे? बोलणाऱ्यांचं चुकलं नाही. काचेचं चुकलं."

टॉवरवर नेमकं तेच होतं. दोन जोरकस लहरी एखाद्या सैल, मळक्या किंवा गंजलेल्या सांध्यातून गेल्या की कुणीही न पाठवलेली तिसरी लहर जन्माला येते, आणि ती बरोब्बर ऐकायच्या जागी जाऊन बसते. मग दूरच्या फोनवरचा माणूस ओरडून ओरडून दमतो आणि मोबाइल कंपनीला शिव्या घालतो. त्यात चेन्नईची खारी हवा. इथे आठवडाभर बाहेर ठेवलेली सायकलसुद्धा तिसरी लहर काढायला लायक होते.

म्हणून आमच्याकडे प्रत्येक फिल्टर तपासताना त्याला रबरी हातोडीने ठोकलं जायचं. ठोकताना पडद्यावरची रेघ हलली नाही तर फिल्टर पास. सगळीकडे असंच करतात. फरक इतकाच, की सेतुमाधवराव फिल्टरपाशी थांबत नसत. ते जेवणाचा डबा ठोकून बघत. बसच्या कठड्यावर बोटाची पेरं आपटून बघत. मी सेकंडहँड स्कूटर घेतली तेव्हा पेढा देण्याआधी मला ती त्यांना ठोकायला द्यावी लागली. माणसांचेही त्यांनी दोनच प्रकार केले होते, पक्का आणि सैल. आमचे तरुण फॅक्टरी मॅनेजर कार्तिक यांच्याविषयी त्यांचं मत होतं, "थोडा सैल आहे, पण आवळतां येईल." घरून माझ्यासाठी एका मुलाचा फोटो आला होता, तो मी बावळटासारखा त्यांना दाखवला. त्यांनी फोटो लांब धरून पाहिला आणि परत दिला. त्या मुलाशी माझं लग्न झालं नाही, याचं श्रेय मी अजून त्यांना देते.

डिसेंबरात मार्गळीचा महिना लागला की ते मला मैलापूरच्या सभांना, म्हणजे गाण्याच्या मैफलींना, घेऊन जात. मला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं, पण त्या सभांच्या कँटीनमधली कॉफी आणि केळीच्या पानावरचं जेवण यांतलं चांगलं कळत होतं. एकदा एक नामांकित बाई गात होत्या. आलाप चालू, सभागृह तल्लीन, आणि स्पीकरमधून बारीकशी खरखर. आम्हांला ती ऐकूही येत नव्हती. सेतुमाधवराव मात्र खुर्चीत चुळबुळ करू लागले. "सांधा," ते माझ्या कानात म्हणाले. मी म्हटलं, "सर, असू द्या ना." त्यांनी थोडा वेळ असू दिलं. मग उठले, मधल्या वाटेने सरळ चालत स्टेजच्या कडेला गेले आणि माइकची वायर उपटली. सभागृह मुकं झालं. बाईंनी एक नजर टाकली, आवाज उंच लावला आणि माइकशिवाय गात राहिल्या. राव सरांनी खिशातून रुमाल काढून वायरीचं टोक पुसलं, घट्ट बसवलं आणि परत येऊन खुर्चीत बसले. टाळ्यांचा कडकडाट झाला. तो बाईंसाठी होता. राव सरांनी मान तुकवून तो स्वीकारला.

त्या दिवशी ते मला घरी जेवायला घेऊन गेले. कपालीश्वराच्या देवळामागच्या गल्लीत दोन खोल्या, आणि त्यांत मामी. त्यांच्या पत्नीला मी मामी म्हणायचे, कारण चेन्नईत अशा बायांना सगळेच मामी म्हणतात. पानात आंबट सार, भात आणि डांगराची पच्चडी होती. वाढता वाढता मामींनी नवऱ्याचं गाऱ्हाणं मांडलं.

"हे नळसुद्धां ठोकून बघतात गं. आणि जन्मभर केलीं तीं दुसऱ्यांचीं चित्रं. जर्मनचं चित्र आलं, तसं कर. जपानचं आलं, तसं कर. एक तरी आपला डबा वरती लागावा म्हणून यांस पिसं लागलंय."

राव सर सार भुरकत राहिले. मग म्हणाले, "मीठ कमी."

पण मामी बोलल्या ते खरं होतं. पस्तीसेक वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांवरून वस्तू बनवल्या होत्या. आधी रडारचे भाग, मग टीव्हीच्या प्रक्षेपणाचे, आता मोबाइलचे. त्यांच्या स्वतःच्या डोक्यातून निघालेला एकही सांधा आजवर कुठल्याही टॉवरवर चढला नव्हता. आणि आता त्यांनी एक फिल्टर रचला होता. नेहमीच्यापेक्षा लहान, हलका, स्क्रू कमी, आणि खाऱ्या हवेसाठी सांधे मुद्दाम आत वळवलेले. परदेशी गिऱ्हाइकाने एक चाचणीची खेप मागवली होती. कार्तिकनी स्वच्छ सांगून टाकलं होतं की ही खेप पास झाली तर डिझाइन विभाग राहील, नाहीतर बंद, पुढे फक्त परदेशी नकाशांवर जोडणी. राव सर येत्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होते. त्यांना दुसरी खेप मिळणार नव्हती, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्यांचा भाचा सिरुसेरीला मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत होता. तो म्हणायचा, मामा, पुढे हे सगळं सॉफ्टवेअरमध्येच होणार. राव सर म्हणायचे, "होऊं दे. त्याचं चुकलं तर तो बंद करून चालू करतो. आमचं चुकलं तर वरतीं चढावं लागतं."

खेप तपासायला गिऱ्हाइकाचा माणूस येणार होता. लार्स त्याचं नाव. कार्तिकनी त्याला नेमकं आयुधपूजेच्या दिवशी बोलावलं. तमिळनाडूत त्या दिवशी हत्यारांना सुट्टी असते. लेथ मशीनपासून स्टेपलरपर्यंत सगळ्यांना चंदन आणि कुंकू लागतं, पुढे कोहळा फुटतो, चुरमुरे वाटले जातात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणी कशाला हात लावत नाही. कार्तिकना वाटलं होतं की पाहुण्याला पूजा दाखवू, फोटो काढू आणि दुपारी तपासणी उरकून टाकू.

"उद्यां," राव सर म्हणाले.

"सार, तो दोन दिवसांसाठीच आलाय."

"मग दुसरा दिवस उद्यांच आहे."

लार्स उंचच उंच आणि घुम्या होता. त्याने चुरमुरे खाल्ले, कोहळा फुटताना दचकला आणि हॉटेलवर निघून गेला. कार्तिकचा चेहरा पाहवत नव्हता.

तपासणीच्या टेबलाची पूजा राव सरांनी स्वतः केली. दुसऱ्यांवर त्यांचा भरवसा नव्हता. बायकांना त्यांनी बजावलं होतं की गंध यंत्राच्या पाठीला लावायचं, तोंडाला नाही. जिथे वायर जोडतात तिथे तर मुळीच नाही. सेल्वी हसत म्हणाली होती, "सार, आम्हांला काय, पहिल्यांदा करतोय का?" मग त्यांनी अनामिकेने एकेका वस्तूला चंदनाचा ठिपका लावला, त्यावर कुंकू, आणि प्रत्येक वेळी हात जोडले. हातोडीलाही लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फिल्टर टेबलावर चढला. लार्स शेजारी उभा. राव सरांनी घड्याळ, अंगठी आणि जानव्याला बांधलेली किल्ली काढून दूर ठेवली, हे नेहमीचंच. मी वायर जोडली. सेल्वीने हातोडी मारली. रेघ उसळली.

दुसरा फिल्टर घेतला. उसळली. तिसरा घेतला. तो तर हातोडी मारायच्या आधीच उसळला.

राव सरांनी एक स्टूल ओढलं, पहिला फिल्टर मांडीवर घेतला आणि झाकणाचा एकेक स्क्रू चाचपायला लागले. चेहरा नेहमीसारखाच होता, पण स्क्रूवरून पाना दोनदा घसरला. तो पाना त्यांच्या हातातून घसरताना मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. मला एकदम रडू यायला लागलं आणि मी उगाच पाणी प्यायला गेले.

परत आले तेव्हा कार्तिकनी स्टोअरमधून कोरी वायर मागवून लावली होती. हातोडी पडत होती आणि रेघ मेल्यासारखी आडवी पडली होती. एक झाला, दोन झाले, सगळी खेप झाली. एकही हलला नाही.

"वायर खराब होती," कार्तिक लार्सला म्हणाले. "होतं असं. जेवायला जाऊ या?"

लार्सने मान हलवली आणि बॅग आवरायला घेतली. सेल्वीने माझा हात दाबला. खेप पास झाली होती. राव सरांचा डबा वर चढणार होता.

"थांबा," राव सर म्हणाले.

ते लार्सला इंग्रजीत म्हणाले, की फिल्टर पास झाले खरे, पण आधी नापास का झाले ते मला कळलेलं नाही. ते कळेपर्यंत तुम्ही होकार देऊ नका.

कार्तिकना त्या क्षणी जे वाटलं ते कुठल्याही भाषेत कळलं असतं. "सार," ते तमिळमध्ये हळूच म्हणाले, "झालंय ना पास? वायर फेकून द्या आणि चला."

"वायर माझी आहे," राव सर म्हणाले. "ती कां बिघडली हें मला ठाऊक नाही, तर हे डबे पास जाले कां तेंही ठाऊक नाही."

हे त्यांचं जुनं सूत्र होतं. दोष आपल्या हुकमाने परत आणता आला तरच तो कळला, नाहीतर तो नुसता बाहेर फिरायला गेलाय. एरवी मला हे फार आवडायचं. त्या दिवशी मला त्यांचा राग आला. त्यांची उभी हयात त्या टेबलावर होती आणि ते ती हातोडीने ठोकून बघत होते.

त्यांनी जुनी वायर उचलली आणि तिचं टोक भिंगाखाली धरलं. बराच वेळ पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं. टोकाच्या धातूच्या कडेवर, आतल्या बाजूला, वाळलेल्या पिवळट लेपाचा एक कण होता. त्यात लाल काहीतरी.

"टोपी कुणी काढली होती?" मी विचारलं. वायरीच्या टोकाला प्लास्टिकची टोपी असते, वायर जोडायची नसेल तेव्हा ती आम्ही कधी काढत नसू.

"मी," ते म्हणाले. "टोपीला गंध लावलों तर पूजा टोपीची होती. वायरीची नव्हे."

त्यांनी टोपी काढली होती, कडेला अगदी बारीक ठिपका दिला होता आणि टोपी परत बसवली होती. ओलं चंदन आत उतरलं होतं. सबंध कारखान्याला ज्याची तंबी दिली, ते एकट्या त्यांनीच केलं होतं.

मला वाटलं, आता ते गप्प बसतील. ते लार्सपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी सगळं सांगितलं. पूजा काय असते, टोपी का काढली, चूक कुणाची. मग सेल्वीकडे वळून म्हणाले, "चंदन आण. कुंकू पण."

चांगल्या वायरीचं टोक उघडून त्यांनी त्याला गंध लावलं, जोडलं आणि हातोडी मारली. रेघ उसळली. पुसून, स्पिरिटने धुऊन परत जोडलं. रेघ आडवी. पुन्हा गंध. उसळली.

"आतां कळलं," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

कार्तिक डोकं धरून कोपऱ्यात उभे होते. लार्सने त्या दोन दिवसांतला पहिला मनापासूनचा प्रश्न विचारला.

"पिवळ्याने होतं की तांबड्याने?"

राव सर ताठ बसले. हे त्यांना सुचलं नव्हतं. पुढची दुपार त्या दोघांनी जेवण सोडून नुसतं चंदन, नुसतं कुंकू, मग हळद, मग ऑफिसातल्या देव्हाऱ्यातली विभूती, आणि शेवटी लार्सच्या बॅगेतलं हाताला लावायचं क्रीम, असं एकेक लावून पाहण्यात घालवली. सर्वांत वाईट निघालं ते कुंकू. क्रीमही काही कमी नव्हतं. लार्सने स्वतःचे हात हुंगून पाहिले आणि राव सरांना म्हणाला, माझंच चुकलं, मी हात न धुता आलो होतो. राव सरांनी त्याला नळ दाखवला.

खेप पास झाली. जाताना लार्सने हात पुढे केला आणि म्हणाला, "तुम्ही थांबवलं नसतंत तर मी होकार देऊन गेलो असतो. आणि आयुष्यभर त्या वायरीचा विचार करत राहिलो असतो." मग तो कार्तिककडे वळून म्हणाला, "हा माणूस पक्का आहे." तो इंग्रजीतच बोलला, आमच्याकडची ही वर्गवारी त्याला कुणी सांगितली नव्हती.

पुढे सगळं गोड झालं असतं तर मलाही सांगायला आवडलं असतं. पण मोठी ऑर्डर आलीच नाही. गिऱ्हाइकाने पुढच्या वर्षी फिल्टर आणि रेडिओ एकाच डब्यात घालायचं ठरवलं आणि तो डबा दुसऱ्या देशात बनू लागला. आमचा डिझाइन विभाग बंद झाला. राव सर उन्हाळ्यात निवृत्त झाले, मी पुण्याला नोकरी धरली. चाचणीची ती खेप तेवढी वाया गेली नाही. ती चेन्नईतच, समुद्राकाठच्या काही टॉवरवर चढवली, एवढं आम्हांला कळलं. नेमक्या कुठल्या, ते सांगायला मोबाइल कंपनी तयार नव्हती. आणि खालून पाहून कळण्यासारखं काही नसतं. सगळे डबे सारखेच दिसतात.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी मैलापूरला गेले. मामी म्हणाल्या, "फिरायला गेले आहेत, समुद्राकडे. हल्लीं रोज जातात. फोन पण घेतलाय यांनी, आणि सारखा मलाच करतात."

सांतोमच्या बाजूला मला ते दिसले. एका इमारतीच्या गच्चीवर टॉवर होता आणि ते खाली रस्त्याच्या कडेला उभे राहून, कानाला फोन लावून बोलत होते.

"ऐकायला येतें कां?" ते विचारत होते. "सरी, नीट येतें कां? खरखर नाहीं ना? ... नाहीं, काय नको. नुसतंच केलों. ... बरं, कोथिंबीर आणतों."

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि मला पाहून मुळीच दचकले नाहीत. वर बोट दाखवून म्हणाले, "हा असेल."

मी हो म्हटलं. आम्ही किनाऱ्याने चालत राहिलो. पुढच्या टॉवरखाली ते थांबले, त्यांनी मामींना फोन लावला, ऐकायला येतें कां म्हणून विचारलं, आणि वर पाहत मला म्हणाले, "हा असेल."